अकरा भोकं

मी सायकलवर जितका बसलो त्याहून ती माझ्या खांद्यावर जास्त बसली, असं माझी बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

मी देवी काढायच्या कामावर होतो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतली बरीचशी खेडी आणि वाड्या माझ्याकडे होत्या. गावात जायचं, पोरं गोळा करायची, दिव्यावर हत्यार तापवून निववायचं, दंडावर चार ठिकाणी ओरखडून लस चोळायची आणि आठवड्याने परत जाऊन पुळ्या फुलल्या का ते बघायचं. पुळी फुलली तर लस लागली. दंड कोरा राहिला तर सगळी मेहनत पाण्यात. मी डॉक्टर नव्हतो, पण लोक ‘डाक्तर’ म्हणत आणि मी त्यांना अडवत नसे. पहिली काही वर्षं मी हे सगळं पायी केलं. मग खर्डी स्टेशनवरचे एक तारमास्तर बदली होऊन निघाले, तेव्हा त्यांची जुनी सायकल मी घेतली. पायांची वणवण संपली असं मला त्या दिवशी वाटलं. संपली नाही, फक्त तिच्यात एका सायकलीचं वजन वाढलं.

लस उन्हाने मरते, म्हणून देवी काढायचा हंगाम थंडीचा, फार तर शिमग्यापर्यंतचा. आणि आमच्या मुलखात काटे ओढायचा हंगामही नेमका तोच. भात घरात आलं की शेतात वाल-हरभरा पेरतात आणि गुरांपासून राखायला त्याला कुंपण घालतात. कुंपण करवंदीच्या, बोरीच्या, नाहीतर चिल्हारीच्या फांद्यांचं. चिल्हारीचा काटा वाकडा असतो, शिरला की सोडत नाही. या फांद्या रानातून आणायची रीत अशी, की एकावर एक रचायच्या, दोरी बांधायची आणि रस्त्याने फरफटत न्यायच्या. मी उद्या ज्या रस्त्याने जाणार, त्याच रस्त्याने. रस्ता वर्षभर रिकामा पडलेला असतो. पण माझी सायकल निघायची आणि लोकांना कुंपणाची आठवण व्हायची.

पंक्चर झाल्यावर काढत बसण्यापेक्षा होऊच नये असं काहीतरी करावं, हा विचार मी पहिल्याच हंगामात केला. शहाणपणाचा विचार होता. त्याने माझी अकरा-बारा वर्षं खाल्ली.

आधी मी शहापूरच्या चांभाराकडून पातळ कातड्याची लांब पट्टी कापून घेतली आणि टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये बसवली. महिनाभर बरं चाललं. मग कातडं घामाने की दंवाने कडक झालं आणि त्याची कडच ट्यूबला कापायला लागली. कुंपणानेच शेत खावं तसं झालं. मग एका गाडीवानाने सांगितलं म्हणून मडगार्डाला एक तार अशी वाकवून बांधली, की ती टायरला हलकी घासत राहील आणि चिकटलेला काटा आत शिरायच्या आत झाडून टाकेल. ती काटे झाडायची, हे मी नाकारत नाही. पण ती किर्र किर्र असा आवाज करायची, आणि मी गावात शिरायच्या आधी माझी वर्दी गावात पोचायची. टोचणारा आला हे कळताच आया पोरांना घेऊन रानात पळायच्या. एका वाडीत मी पोचलो तेव्हा फक्त दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रं होतं. तार काढून टाकली.

सगळ्यात मोठा मूर्खपणा पेजेचा. मुरबाडच्या बाजारात एकाने छातीवर हात ठेवून सांगितलं, की ट्यूबमध्ये तांदळाची घट्ट पेज घातली तर भोक पडलं की पेज आतून तिथे जाऊन बसते आणि सुकते. मी घातली. व्हॉल्व्हमधून पेज घालायला एक अख्खी दुपार गेली. पहिल्या काट्याला पेजेने खरोखर भोक बुजवलं आणि मी घरी जाऊन बायकोला मोठ्या तोंडाने सांगितलं. चौथ्या दिवशी ती आंबली. पुढच्या वेळी हवा सोडली तेव्हा जो वास आला, त्यानंतर बायकोने सायकल ओटीवर ठेवू दिली नाही. ती गोठ्यात बांधली जाऊ लागली, आणि गोठ्यातल्या म्हशीलाही ते आवडलं नसावं.

लोकांना माझ्या या खटपटीची फार मजा वाटायची. सगळा मुलूख अनवाणी चालणारा. पायात काटा मोडला तर माणूस तिथेच बसतो, दुसऱ्या काट्याने तो काढतो, थुंकी लावतो आणि चालू लागतो. उंबरमाळीच्या बाजूला एक म्हातारा माझं पंक्चर काढणं अर्धा तास उकिडवा बसून बघत होता. शेवटी म्हणाला, “डाक्तर, आमच्या पायाला रोज भोकं पडतान. आमी कवा हवा भरली?” मी मान खाली घालून ठिगळ घासत राहिलो. तोंडात व्हॉल्व्हची रबरी नळी होती हे एक निमित्त.

मग लढाई सुरू झाली आणि रबर तिकडे गेलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. नवी ट्यूब बघायलाही मिळेना. कल्याणच्या दुकानदाराने तर माझ्या तोंडासमोर हात जोडले. माझ्या ट्यूबवर ठिगळं इतकी झाली, की मूळ ट्यूब कुठली आणि ठिगळ कुठलं हे मलाही सांगता येत नसे. प्रत्येक ओढ्याजवळ उतरायचं, दोन्ही चाकं गरगर फिरवून हाताने चाचपायची, काटा दिसला तर नखाने उपटायचा. उतारावर मी रस्ता बघायचो, चढावर टायर बघायचो. डोंगर, रान, माणसं काही बघायचं राहूनच गेलं. माझ्याशी कोणी बोलायला लागलं की त्याच्या वाडीतली पोरं किती हे विचारायच्या आधी मी विचारायचो, पुढे रस्त्यावर काटे आहेत का. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं.

लढाईतल्याच एका वर्षी शिमग्याच्या तोंडावर मुरबाडपलीकडे म्हशाकडच्या एका गावात देवीची साथ आली. त्या गावापलीकडे, सिद्धगडाच्या पायथ्याशी, रानात एक वाडी होती. पंधरा-वीस झोपड्या, सगळे मजुरीवर जगणारे. मी घाईने तिथे गेलो. माझ्याजवळ तेव्हा लस नव्हती, म्हणून मी दुसरं जे करता येत होतं ते केलं. वाडीतल्या जाणत्या म्हाताऱ्याला समोर बसवून सांगितलं, “त्या गावचं कोणी इकडे येऊ द्यायचं नाही आणि इकडचं कोणी तिकडे जायचं नाही. रस्ता बंद करा. आठ दिवसांत मी लस घेऊन येतो.” त्याने मान डोलावली. मी तीनदा सांगितलं, कारण मी सांगितलेलं कोणी ऐकत नाही असा माझा अनुभव होता.

त्या वाडीत एक बाई होती, विशीची असेल. दर वर्षी मी आलो की तिचं घर रिकामं सापडायचं. आदल्या वर्षी तर ती घरातच होती, आणि तिने तान्ही पोर भाताच्या रिकाम्या कणगीत ठेवून वर सूप झाकलं होतं. पोर आतून रडली तेव्हा म्हणाली, मांजर आहे. मी चिडून निघून गेलो होतो. त्या दिवशी मात्र ती आपणहून पुढे आली. पलीकडच्या गावात तिची बहीण देवीने गेली होती. पोर कडेवर होती, वर्षा-दीड वर्षाची. तिने पोरीचा दंड माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “हिला पयली टोचा.”

“आज लस नाही,” मी म्हणालो. “पुढच्या खेपेला हिला पहिली.”

“इसरू नका हां.”

लस आगगाडीने आसनगावला यायची. ती आली, मी शहापूरला जाऊन ती घेतली, मुरबाडला मुक्काम केला आणि पहाट फुटताच निघालो. काचेच्या बारीक नळ्यांतली लस पत्र्याच्या डबीत, डबी एका मडक्यात पाण्यावर ठेवलेली, मडक्याला ओलं गोणपाट, आणि ते मडकं शिंक्यात घालून सायकलच्या दांडीला टांगलेलं. पाणी मधूनमधून गोणपाटावर शिंपडत राहिलं, तर दुपारपर्यंत लस गार राहते. मी उन्हं चढायच्या आत पोचणार होतो. चाकं नीट होती. त्या सकाळी मी खूश होतो, हेही लिहून ठेवतो.

वाडी पाऊण कोसावर राहिली. तिथे कोरडा ओढा आहे, त्यात वाट उतरते आणि वळते. वळणावर मी वेगात होतो. पुढ्यात आडव्या तिडव्या चिल्हारीच्या आणि बोरीच्या फांद्या, वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, पाच-सहा हात रुंद. पाय टेकून थांबेपर्यंत दोन्ही चाकं त्यात मधोमध गेली. मी पडलो नाही. मडकं फुटलं नाही. मडकं वाचलं म्हणून मी देवाचं नाव घेतलं.

मग मी खाली बसलो आणि अर्वाच्य शिव्या दिल्या. कुंपणाच्या फांद्या वाटेत टाकून जाणाऱ्या माणसाला, त्याच्या वालाला, त्याच्या गुरांना. ऐकायला कोणी नव्हतं.

पुढचं चाक काढलं. एखादंच भोक असेल, दहा मिनिटांचं काम, असं मनाशी म्हटलं. भोक शोधायला पाणी लागतं. ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडा येतो. ओढा ठणठणीत कोरडा होता. मडक्यातलं थोडं पाणी मी माझ्या जेवणाच्या वाडग्यात ओतलं. थोडंसंच. भोक सापडलं, ठिगळ लावलं, हवा भरली. हवा शेजारून गेली. पुन्हा पाणी ओतलं. तिसरं भोक, चौथं. दर वेळी वाटायचं की हे शेवटचं. ट्यूब बुडवताना निम्मं पाणी मातीत जायचं. पुढच्या चाकाला सहा निघाली, मागच्याला पाच. अकरा भोकं मी मोजली आणि एकेक बुजवलं. ऊन डोक्यावर आलं, सोल्यूशनची नळी पिळून पिळून संपली, आणि शेवटी हवा भरताना मागची ट्यूब जुन्या ठिगळापाशीच वीतभर फाटली.

तेव्हा मी मडक्यात बघितलं. तळाला ओंजळभर पाणी होतं. गोणपाट वाळून कडक झालं होतं. ज्या सावलीत मी मडकं ठेवलं होतं ती कधीच सरकून गेली होती आणि ते उन्हात होतं.

पाऊण कोस. मी सायकल तिथेच टाकून मडकं हातात घेऊन चालू लागलो असतो, तर दातवण करणारी माणसं मला वाडीत भेटली असती. त्या रानात माझी सायकल कोणी नेली नसती. नेऊन करणार काय? इतकी साधी गोष्ट एकदाही मनात आली नाही. काट्यांपुढे हार मानायची नाही, एवढंच डोक्यात होतं. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात दुसऱ्या कशावरून आला नसेल.

सायकल ढकलत वाडीत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आठवा दिवस म्हणून सगळी वाडी सकाळपासून माझी वाट बघत बसलेली. मजुरीला कोणी गेलं नव्हतं. मी म्हाताऱ्यावर ओरडलो, “वाटेत काटे कोणी टाकले?”

“आमी टाकलं,” तो म्हणाला. त्याला माझ्या ओरडण्याचं नवल वाटत होतं. “तुमीच बोलल्याव ना, रस्ता बंद करा? कालपन दोघं आलं व्हतं त्या गावचं. काटं बघून मागारी गेलं.”

इतक्या वर्षांत माझं सांगणं कोणी शब्दशः पाळलं असेल तर ते या लोकांनी.

डबी उघडली. नळी बोटांना कोमट लागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला तेव्हाच कळलं होतं. पण समोर सगळी पोरं दंड उघडे टाकून रांगेत बसलेली, मजुरी बुडवून आलेली माणसं, आणि रांगेत सगळ्यात पुढे ती बाई. आज परत जा, लस मेली, मी पंक्चर काढत बसलो होतो, हे कसं सांगायचं? मनाची समजूत घातली, की थोडीफार जिवंत असेल. दिवा पेटवला. ठरल्याप्रमाणे पहिली पोर तिचीच घेतली. पोर रडली तेव्हा तिची आई तिला म्हणाली, “रडू नको गो, आता देवी नाय येयाची तुला.”

सातव्या दिवशी मी पायी गेलो. काट्यांची आड वाटेवर तशीच होती, तिला वळसा घालून गेलो. पोरांनी हौसेने दंड पुढे केले. एकाही दंडावर पुळी नव्हती. चार ओरखडे, वाळलेले, खपली पडून कोरे झालेले. एरवी टोचलेली पोरं पुळ्या फुलून तापाने फणफणतात, त्यामुळे इथल्या आया माझ्यावर फारच खूश होत्या. त्या बाईने पोरीचा दंड माझ्या डोळ्यांजवळ आणला. “बघा ना डाक्तर, काय सुदीक झाला नाय. तुमचा हात हलका.”

मी म्हणालो, “पुन्हा टोचावं लागेल. ही लस जरा कमी पडली.” जरा कमी पडली, हे माझे शब्द.

नवी लस यायला आणखी बारा दिवस गेले. रोज आसनगाव स्टेशनवर जाऊन मी उभा राहायचो. मिळाली त्या दिवशी बैलगाडीने मुरबाड गाठलं, आणि पुढे मडकं छातीशी धरून चालत गेलो. गोणपाट वाटेत एकदाही सुकू दिलं नाही. ओढ्यातल्या काट्यांपर्यंत आलो तर फांद्यांवर कडुलिंबाचा ताजा डहाळा ठेवलेला होता. आमच्याकडे त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. वाडीत देवी आली होती.

एकाच झोपडीत आली होती, त्या बाईच्या. तिच्या दाराला लिंब लावलेला होता. मी बाकीच्या पोरांना टोचलं, आणि या खेपेला सगळ्यांच्या पुळ्या फुलल्या. वाडीत दुसरं कोणी आजारी पडलं नाही. ती पोर जगली. तिचा चेहरा सगळा वणांनी भरला आणि डावा डोळा गेला.

पुढच्या हंगामात मी त्या वाडीला निघालो. काय ऐकावं लागेल याची मी मनाशी तयारी करत होतो. एक तरी शिवी मिळावी, असंही कुठेतरी वाटत होतं. ओढ्याच्या वळणावर आलो आणि सवयीने खाली बघितलं. काटे नव्हते. काटेच काय, पाचोळासुद्धा नव्हता. ओढ्यापासून वाडीपर्यंतची सगळी वाट अंगणासारखी झाडून काढलेली, खराट्याच्या रेघा मातीत दिसत होत्या.

ती बाई वाडीच्या तोंडाशीच उभी होती. कडेवर नवं मूल, आणि तिच्या लुगड्याला धरून ती पोर, एका डोळ्याने माझ्याकडे बघणारी. मी काही बोलायच्या आत बाईच म्हणाली, “तुमी टोचली व्हती म्हनून जगली. माझी बहीन गेली, ही नाय गेली.” मग वाटेकडे हात करून म्हणाली, “तुमची सायकल फुटते ना काट्यानी. मी झाडून काढली. आता याला पयला टोचा.”

मी त्याला पहिला टोचलं. खरं काय ते मात्र सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

नोकरी संपेपर्यंत ती वाट दर हंगामाला माझ्यासाठी झाडलेली असायची. पुढे लढाई संपली, नव्या ट्यूबही मिळायला लागल्या. शहापूर-मुरबाडच्या सगळ्या मुलखात पंक्चर होणार नाही अशी एवढीच एक वाट होती, आणि तिच्यावरून मी सायकल कायम हाताने ढकलत नेली.